प्रकरण चौदावे : माहेरचं मडकं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, दुपारी बारा वाजता नानाजींच्या ओसरीवर तीन पुरुष तोंड पाडून बसले होते, आणि घरात कोणी मेलेलं नव्हतं. चुलीवर मटण रटरटत होतं. काल मिरवलेले बैल गोठ्यात निवांत रवंथ करत होते. दारात ठेवलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे सकाळीच गावाबाहेर फेकून झाले होते. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त प्यायला काही नव्हतं.

त्याचं कारण आत चुलीपाशी बसून कांदा चिरत होतं. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी होती ती कागदावर. या गावापुरती ती सुगंधाबाईंच्या रूपाने नदीच्या घाटावर पदर खोचून उभी असायची. काल संध्याकाळी नानाजींचा धाकटा भाऊ देवाजी नदीपल्याडून पाच लिटरची कॅन घेऊन नावेतून उतरला, तर समोर बचत गटाच्या अकरा बाया, आणि सर्वांत पुढे अध्यक्ष म्हणून त्याची सख्खी वहिनी. वहिनीने हसून विचारलं, “भाऊजी, रॉकेल आणलं का?” आणि उत्तराची वाट न पाहता कॅन वैनगंगेत उपडी केली. देवाजी तेव्हापासून तिच्याशी बोलत नव्हता. जेवायला मात्र आला होता.

पण सुगंधाबाईंचा जीव टांगला होता तो वेगळ्याच गोष्टीला. करिष्माच्या नोकरीच्या ऑर्डरला.

करिष्मा त्यांचं शेंडेफळ. तीन वर्षं पहाटे कालव्याच्या पाळीवर धावून धावून ती वनरक्षक झाली होती. उद्या अकरा वाजता मुलचेऱ्याकडच्या एका रेंज ऑफिसात हजर व्हायचं होतं. नाही झाली तर जागा पुढच्या उमेदवाराला. आणि नानाजींनी आठ दिवसांपूर्वी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “जंगल पोट्टीचं काम नोहे. गेली तं या उंबऱ्याकडे पुन्हा पाहू नोको.” देवाजीने लगेच मान डोलावली, कारण त्याने बायकोचा भाचा करिष्मासाठी हेरून ठेवला होता. थोरला मुलगा हेमराज बापाच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणायचा, त्याने यालाही हो म्हटलं. करिष्माने वाद घातला नाही. तिने बॅग भरली, खाटेखाली सरकवली आणि आईला एवढंच सांगितलं, “बाबा हो म्हणले तरच जाईन. मले दार बंद करून जायचं नाई.”

आता नानाजींचं ‘हो’ मिळवणं म्हणजे काय, ते गावाला माहीत होतं. शुद्धीत असताना या माणसाकडे एकच शब्द होता, आणि तो ‘नाही’ होता. दोन गिलास पोटात गेले की तोच माणूस राजा व्हायचा. नाल्याकाठची धानाची बांधी त्यांनी देवाजीला आजवर तीनदा देऊन टाकली होती आणि तीनदा सकाळी उठून परत घेतली होती, कारण घराचा नियमच तसा होता. नानाजींच्या वडिलांनी एका लग्नात पिऊन जावयाला बैल कबूल केला होता. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर ठरलं, की या घरात प्यालेल्या माणसाचा शब्द धरायचा नाही. तेव्हापासून कोणी धरत नव्हतं. म्हणजे शुद्धीत ‘हो’ मिळत नव्हतं, आणि मिळालेलं ‘हो’ शुद्धीतलं नसायचं. या दोहोंच्या मधली वाट सुगंधाबाई आठ दिवस शोधत होत्या.

ती सापडली त्यांच्याच पदराच्या गाठीत. बत्तीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती, आणि ती त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला चढायची ती दारू पोटात गेल्यावर नाही, गिलास हातात आल्यावर. ओठाला लागायच्या आधीच मान डुलायला लागायची. गेल्या वर्षी वरोऱ्याच्या लग्नात तर देवाजीने गर्दीत चुकून बर्फाच्या डब्यातलं नुसतं पाणी ओतून दिलं होतं. ते पिऊन नानाजींनी दंडारीतलं गाणं म्हटलं आणि नवरदेवाच्या मामाच्या खांद्यावर मान टाकून रडले. मामालाही रडू आलं होतं.

“आई, मामाजीले वास येणार नाई का?” सासऱ्यांना मामाजी म्हणणाऱ्या सुनेने, प्रणालीने, हळूच विचारलं. चुलीमागे एक मडकं होतं आणि ती त्याला राख, माती आणि कोळ्याचं जाळं लावून सजवत होती.

“मोहाचाच वास येईन ना. मोहफूलच तं हाय.” सुगंधाबाईंनी झाकण उचलून वास घेतला. काल पुरुष बैल घेऊन तोरणाखाली गेले तेव्हा दोघींनी, बैलांना खायला शिजवतो असं शेजारी सांगून, हंडाभर मोहफूल उकळलं होतं. आंबायला तासभरही दिलं नव्हतं. गाळून त्यात आलं, ओवा, काळी मिरी आणि लवंगी मिरचीचं बी घातलं होतं. घोट घेतला की घसा असा जळायचा की डोळ्यात पाणी यावं.

“अन रंग? दारू तं पाण्यावाणी राह्यते.”

“जुनी हाय म्हणून रंग आला.”

“किती जुनी?”

सुगंधाबाईंनी क्षणभर विचार केला. “हेमराजच्या बारशाची. माह्या बापानं पुरून ठेवली होती.” मग त्यांनी भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे पाहून कानाला हात लावला. बिचारा आयुष्यभर माळकरी होता.

प्रणालीला हसू आवरेना. तिने तोंडात पदर कोंबला.

“हासू नोको. तू हासली का सारं गेलं,” सुगंधाबाई म्हणाल्या. “अन करिष्माले सांगू नोको. तिचं तोंड लगेच सांगते.”

त्या ओसरीवर गेल्या तेव्हा हात रिकामे होते. खांबाला टेकून बसल्या आणि एक लांब सुस्कारा सोडला. नवऱ्याने पाहिलं नाही. दुसरा सोडला.

“काय झालं?” नानाजींनी विचारलं.

“काई नाई. आज माह्या बाबाची लय आठवण येऊन राह्यली.”

“काऊन?”

“जाऊ द्या. ते सांगण्यासारखं नाई. अध्यक्ष बाईच्या तोंडी शोभत नाई.”

देवाजीने कान टवकारले. कालपासूनचा अबोला त्याने तिथेच सोडला. “काय शोभत नाई, वैनी?”

“बाबानं एक मडकं पुरून ठेवलं होतं. हेमराजच्या बारशाले. म्हणे, पोट्टा मोठा होईन, घरात मोठी गोष्ट होईन, तवा काढजो. मी तं काढणार नाई, बाप्पा. घाटावर कॅन फेकायची अन घरात मडकं काढायचं?”

तिघांचे चेहरे बदलले. जिने आयुष्यात कोणाला थेंब पिऊ दिला नाही, तिच्याच घरात अठ्ठावीस वर्षांचा माल आहे, हे कोणी खोटं कसं मानेल? दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर देवाजीने चार प्रश्न विचारले असते.

“आज मोठी गोष्टच तं हाय,” देवाजी म्हणाला. “पोरीच्या जन्माचा फैसला हाय.”

“बारसं मायंच होतं,” हेमराज पुटपुटला. त्याचं बोलणं बहुतेक वेळा पुटपुटणंच असायचं.

“नाई. ते देता येत नाई,” सुगंधाबाई म्हणाल्या आणि उठल्या. “ते लय कडक हाय. बाबा सांगत होते, पहिल्या गिलासात पाय जड होतात. दुसऱ्यात जीभ सुटते, पोटातलं सारं भायेर येते. तिसरा तं त्याइनं कोणालेच देल्ला नाई. तुमच्या वयाले झेपणार नाई.”

वयाचं नाव काढलं आणि नानाजी ताठ झाले. “आण,” ते म्हणाले. “सासऱ्याची इच्छा होती. आण.”

मडकं आलं ते प्रणालीच्या हातात, आणि तिने ते असं तोलून आणलं की जणू सांडलं तर फरशी जळेल. मटणाची ताटं वाढली. स्टीलचे तीन गिलास भरले. सुगंधाबाई पाठ करून पंख्याने माशा हाकत बसल्या, कारण समोर बघितलं असतं तर त्यांनाच हसू फुटलं असतं.

नानाजींनी घोट घेतला. डोळे मिटले. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी आदराने वर छपराकडे पाहिलं. “सासरा माणूस होता,” ते म्हणाले.

“आगच हाय,” देवाजी म्हणाला. “नदीपल्याडची यापुढं पाणी हाय पाणी.”

पहिला गिलास संपायच्या आतच देवाजीने पाय लांब केले आणि मांडीवर थापट्या मारल्या. “दादा, माये पाय कुठी गेले?”

“माये बी जड झाले,” हेमराज म्हणाला. तो आयुष्यात चारदाच प्यालेला होता, त्यामुळे त्याचा विश्वास सर्वांत पक्का होता.

सुगंधाबाईंनी प्रणालीकडे पाहिलं. प्रणाली ताट घेऊन आत पळाली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. दुसरा गिलास भरला गेला. आता जीभ सुटायची पाळी होती, आणि सुटली ती पहिल्यांदा देवाजीची.

“दादा, मले माफ कर,” तो म्हणाला. “माह्या बायकोचा भाचा चांगला नाई. दिवसभर मोबाईलवर पैसे लावते. बापाची मोटरसायकल गहाण टाकली त्यानं. मले बायकोनं सांगू देल्लं नाई. आपली पोरगी त्याले नोको देऊ.”

“तूच तं आठ दिवस त्याची आरती करून राह्यला होता,” नानाजी म्हणाले.

“करून राह्यलो होतो. तवा पेलो नव्हतो.”

सुगंधाबाईंचा पंखा थांबला. हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. त्यांनी जाळं एका माशासाठी टाकलं होतं आणि दुसरा आपणहून उडी मारून आत आला होता.

मग हेमराज रडायला लागला. त्याच्या लहानपणापासून सुगंधाबाईंनी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. “मीच बाबाचे कान भरले,” तो म्हणाला. “जंगलात असं होते, तसं होते, मीच सांगितलं. मी दोनदा भरतीत पळलो अन दोनदा पडलो. करिष्मा पहिल्याच खेपेत पास झाली. मले पाहवलं नाई.” तो गिलास ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. सुगंधाबाईंना वाटलं, उठावं आणि त्याला जवळ घ्यावं. पण त्या उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर खेळ मोडला असता, आणि अजून घरधनी बाकी होता.

घरधनी दुसरा गिलास हातात धरून गप्प होता. त्याची मान डुलत होती, पण जीभ सुटत नव्हती. सुगंधाबाईंनी मडकं उचललं आणि तिसरा गिलास भरला.

“हा माह्या बापानं कोणाले देल्ला नाई,” त्या हळूच म्हणाल्या. “याच्यात माणूस खोटं बोलूच शकत नाई, म्हणत.”

नानाजींनी तो एका दमात संपवला. मग उठले, ओसरीच्या खांबाला मिठी मारली आणि त्यावर कपाळ टेकवलं.

“तुमाले सगळ्याइले वाटते मी वाघ हाकलला,” ते म्हणाले.

ही गोष्ट गावात लहान पोरांनाही पाठ होती. नानाजी सोळा वर्षांचे, त्यांची बहीण चंद्रभागा बारा वर्षांची. दोघं मोहफूल वेचायला गेले, वाघ आला, आणि नानाजींनी काठीने त्याला हाकललं. त्या एका काठीवर नानाजी चाळीस-पंचेचाळीस वर्षं गावात मान मिळवून होते. चंद्रभागा तीन वर्षांपूर्वी वारली, तेव्हा तिच्या मातीला आलेल्या लोकांनीही तीच गोष्ट सांगितली होती.

“मी झाडावर होतो,” नानाजी खांबाला म्हणाले. “वाघ दिसला तसा मी सरसर चढलो. चंद्रीले खाली सोडून. तिनं टोपली उपडी केली अन बडवली. त्याच्या डोयात पाहून मांगं मांगं सरकली, पण पळाली नाई. वाघ गेला. मंग तिनंच मले उतरवलं. मायी चड्डी ओली होती. घरी बापानं मले सोलून काढलं असतं, म्हणून तिनंच सांगितलं, दादानं हाकलला. मेली तवापर्यंत तिनं हेच सांगितलं.”

देवाजीची तर नशाच उतरल्यासारखी झाली, म्हणजे जी चढली नव्हती ती.

आतल्या दारात करिष्मा उभी होती. ती कधी आली ते कोणालाच कळलं नव्हतं. नानाजींनी तिच्याकडे पाहिलं, खांब न सोडता.

“पोट्टी काय करू शकते, ते मले मालूम हाय. मले भेव तुयं नाई वाटत. तू तिकडे जंगलात राहशीन अन मी इथी ओसरीवर, पुन्हा झाडावर बसल्यावाणी. त्याचं भेव वाटते.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मिशीत मुरत होतं. “जाय, पोरी. मी हो म्हणतो.”

करिष्माचा चेहरा उजळला. मग तिची नजर बापाच्या हातातल्या गिलासावर गेली आणि उजेड विझला. या घरात वाढलेल्या मुलीला नियम कोणी शिकवावा लागत नव्हता.

“सकाळी सांगजा, बाबा,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

सकाळी सात वाजता देवाजी ओसरीवर डोक्याला ओला फडका बांधून बसला होता आणि लिंबू चोखत होता. “लय जुनी होती,” तो कण्हत होता. हेमराज बापाच्या नजरेला नजर देत नव्हता. करिष्मा आंघोळ करून, वेणी घालून दारात उभी होती, आणि बॅग अजून खाटेखालीच होती.

नानाजी चूळ भरून आले. घसा खाकरला. सगळ्यांना कळलं, आता काय येणार.

“काल मी पेलो होतो,” ते म्हणाले. “काय काय बोललो असीन, ते—”

“मी बी पेलो होतो,” देवाजी घाईने म्हणाला. भाच्याबद्दल बायकोला कळलं तर आपलं काय होईल, हे त्याला रात्रीच आठवलं होतं.

“हेमराजचे बाबा,” सुगंधाबाई म्हणाल्या, “जरा गोठ्यात या. तांबडा बैल चारा खाऊन नाई राह्यला.”

बैल चांगला खात होता. गोठ्याच्या कोपऱ्यात मडकं होतं. सुगंधाबाईंनी उरलेलं गिलासात ओतलं, नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि उभ्या-उभ्या पिऊन टाकलं. मग दुसरा गिलास. तोही प्यायल्या.

नानाजींनी गोठ्याची मेढ धरली. बत्तीस वर्षांत त्यांनी या बाईला ताडीच्या झाडाखालून जातानाही पाहिलं नव्हतं. “बह्याड झाली का? सकाळी सकाळी?”

“ओवा हाय. आलं, मिरं, मिरचीचं बी. अन मोहफूल. परवा उकळलं, गरम गरम गाळलं. थेंबभर आंबू देल्लं नाई. माह्या बापानं काहीच पुरलं नव्हतं, ते माळकरी होते.”

नानाजी गवताच्या पेंढीवर बसले. या घरात सुगंधाबाईंनी नवऱ्याला फसवलं नव्हतं, आजवर कधी नाही, आणि आज तो काय म्हणेल याची त्यांना खरंच भीती वाटत होती.

“तू मले भर ओसरीत बह्याड बनवलं,” नानाजी शेवटी म्हणाले.

“म्या फक्त गिलास देल्ला. बाकी सारं तुमी केलं.”

“माये पाय जड झाले होते. खरंच झाले होते.”

“म्या सांगितलं म्हणून झाले.”

“अन रडलो ते? ते बी तू सांगितलं?”

“नाई,” सुगंधाबाई म्हणाल्या. “रडणं तुमचं होतं. चंद्रीबाईचं बी तुमचंच. मडक्यात तं ओवा होता फक्त.”

गोठ्यात बैल चारा चघळत होता, त्याचा आवाज येत होता. सुगंधाबाईंनी गिलास पालथा ठेवला.

“मी भायेर काई बोलणार नाई,” त्या म्हणाल्या. “तुमी म्हणान का पेलो होतो, तं पेले होते. देवाजी भाऊजीचं डोस्कं तं अजून दुखूनच राह्यलं. पण तुमाले मालूम राहीन, अन मले मालूम राहीन. बस.” आणि त्या नवऱ्याच्या आधी बाहेर गेल्या, कारण तिथे थांबल्या असत्या तर त्याही रडल्या असत्या.

नानाजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या धोतराला गवत चिकटलं होतं. ते ओसरीवर चढले नाहीत. अंगणातच उभे राहिले.

“काल मी शुद्धीत होतो,” ते म्हणाले.

देवाजीने तोंडातलं लिंबू काढलं. “दादा, तू खांबाले मिठी मारली होती.”

“मारली होती. शुद्धीत मारली होती. मी जे बोललो ते सारं खरं होतं. वाघाचं बी.” त्यांनी भावाकडे पाहिलं. “अन तू बी शुद्धीत होता. भाच्याचं नाव या घरात पुन्हा काढजो नोको.”

देवाजीने ओल्या फडक्याखालून वहिनीकडे पाहिलं, गोठ्याच्या दिशेने पाहिलं, आणि त्याला काहीतरी समजल्यासारखं वाटलं. पण डोकं एवढं ठणकत होतं की त्याने तो विचार सोडून दिला. हेमराज मात्र उठला, खाटेखालून बॅग ओढली, बहिणीसमोर आणून ठेवली आणि पुटपुटला नाही, नीट ऐकू जाईल असं म्हणाला, “धावताना डाव्या पायाचा बूट घट्ट बांधजो. मी तिथंच पडलो होतो.”

बसला अर्धा तास होता. नानाजींनी बॅग उचलली, आणि करिष्मा आईच्या पाया पडून त्यांच्या मागे निघाली. सुगंधाबाई प्रणालीसोबत दारात उभ्या राहिल्या. गल्लीच्या वळणापर्यंत त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

“बाबा, भेव वाटते का?” करिष्माने विचारलं.

नानाजी दोन पावलं चालले. सकाळचे साडेसात वाजले होते आणि त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

“वाटते,” ते म्हणाले. “लय वाटते. चाल लवकर, बस जाईन.”